जाड टाक्याचा किल्ट

माझी पोस्टिंग तेव्हा एका रेजिमेंटल सेंटरला होती. रँक लेफ्टनंट, नोकरी अकरा महिन्यांची. उंची पाच फूट एक इंच, पण बँडची तुऱ्याची टोपी चढवली की मी स्वतःला साडेपाच फूट धरत असे. बायकांना ऑफिसर म्हणून घ्यायला लागून फार दिवस झाले नव्हते. मी चालले की लोक वळून बघत. मला वाटे, रुबाबामुळे बघतात.

बिलोली आणि धर्माबादला माजी सैनिकांचे मेळावे होते. सेंटरचा बॅगपाइपवाला पाइप बँड जाणार होता. ऐन वेळी साइड ड्रमवाल्या जवानाला कावीळ झाली. मी लातूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या बँडमध्ये ड्रम वाजवला होता आणि ही गोष्ट मेसमध्ये जरा जास्तच वेळा सांगून झाली होती. सीओ साहेब म्हणाले, "मग तूच जा. कमांडही तुझी, ड्रमही तुझा. लेखी परवानगी मागू नकोस."

पाइप बँडचा गणवेश म्हणजे किल्ट. लोकरीचा, चौकड्यांचा, मागे चुण्याच चुण्या, गुडघ्यापर्यंत घेर. आपल्याकडच्या भाषेत गड्यांचा परकर. त्याच्या खाली काय असतं, हे मला आजवर लग्नकार्यातसुद्धा विचारलं गेलंय. खाली हाफ पँट असते. झालं समाधान?

बँडचे पाइप मेजर, म्हणजे वादकांचे प्रमुख, होते हवालदार शेख खाजामियाँ. उदगीरचे. वडील दर्जी, त्यामुळे बँडचे किल्ट तेच शिवत आणि दुरुस्त करत. मला म्हणाले, "मॅडम, तुमचा पण मीच शिवतो."

मी त्यांचा टाका बघितला. मेण लावलेल्या दोऱ्याचा, जाड, पोत्याचं तोंड शिवल्यासारखा. मी नाक मुरडलं. "खाजामियाँ, किल्ट शिवायचाय, ज्वारीचं पोतं न्हाई."

"हाव मॅडम," ते म्हणाले. त्यांचं 'हाव' तीन प्रकारचं होतं. होय, बघू, आणि तुम्हाला कळेल. हे तिसरं होतं.

मी छावणीबाहेरच्या फॅशनवाल्या टेलरकडून किल्ट शिवून घेतला. टाका नाजूक, दिसतसुद्धा नव्हता. आरशासमोर मी दोन गिरक्या घेतल्या. एवढी शहाणी बाई नांदेड-लातूर पट्ट्यात मीच होते.

बिलोलीचा मेळावा पावसातच उरकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला धर्माबादकडे निघालो. तीन दिवसांची झड लागली होती. पुढच्या ट्रकमध्ये आमच्या रोजच्या वर्द्या आणि सामान, मागच्यात आम्ही अकरा जण. उतरल्या उतरल्या वाजवायचं होतं म्हणून सगळ्यांना किल्ट घालूनच निघायचा हुकूम मी दिला होता. सात वाजता पुढचा ट्रक एक नाला ओलांडून गेला. सात वीसला आम्ही पोचलो तेव्हा पाणी रस्त्यावर आलं होतं. ड्रायव्हर ट्रक मागे घ्यायला गेला आणि तो काळ्या रानात रुतला.

मी हुकूम दिला, "धक्का मारा. आणि किल्टला चिखल लागता कामा नये."

चाकाला काय माहीत माझा हुकूम. पहिल्याच रेट्याला सगळ्यांच्या चुण्या चिखलानं भरल्या. लोकर भिजली की घोंगडीसारखी जड होते, आणि तिचा ओला काठ गुडघ्यामागची कातडी सोलतो. चाकाखाली घालायला बाभळीच्या फांद्या आणल्या, तर काट्यांनी तीन किल्ट पकडले. मी एका हातानं घेर धरून दुसऱ्या हातानं ट्रक ढकलत होते. म्हणजे ढकलत नव्हते.

सात पन्नासला शेजारच्या गावातून एक म्हातारी धावत आली. गिरजाबाई. दम लागला होता. "अय भाऊ, चला लवकर. घर बसलंय. माझी सून आत हाय."

धाब्याचं घर होतं. अशा घराचं छत म्हणजे लाकडी सर आणि त्यावर वीतभर माती. तीन दिवस पाणी पिऊन ती माती खाली आली होती. सून राधा, वीस-बावीस वर्षांची, मांडीपर्यंत ढिगाऱ्यात. पायावर सर आडवा पडलेला. शुद्धीवर होती. एकच वाक्य बोलत होती, "पाय हाय का बघा."

जवान हातांनी आणि घमेल्यांनी माती उपसायला लागले. मीही वाकले, आणि माझा किल्ट एका खिळ्यात अडकला. सोडवला, परत अडकला. गिरजाबाई खेकसली, "अय बाई, घोळ काय सांभाळायलीस? कासोटा घाल की." तिनं दांडीवरचं जुनं लुगडं फाडलं, पट्टी माझ्या दोन पायांतून ओढून पुढचा-मागचा घेर आवळला आणि कमरेला खोचला. नऊवारी नेसून सगळं रान निंदणाऱ्या बाईला हे कळत होतं. अकरा महिने ट्रेनिंगच्या गोष्टी सांगणाऱ्या लेफ्टनंटला कळत नव्हतं. मग खाजामियाँनी सगळ्यांनाच पट्ट्या वाटल्या. जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गिरजाबाई म्हणाली, "हसू नका गं. पाणी आणा."

आठ पस्तीसला सर उचलला. पाय होता, पण नडगी मोडून हाड बाहेर आलं होतं. खाजामियाँनी वरून आवळून बांधलं. रक्त मंदावलं, थांबलं नाही. आमचा ट्रक रुतलेला. दुसरा नाल्यापलीकडे. बँडमधल्या एका नायकाच्या पाठीवर वायरलेस सेट होता. त्यानं पुढच्या ट्रकला हाक दिली.

"टू, वन बोलतोय. कॅज्युअल्टी एक. नाल्याजवळ मागे या. ओव्हर."

"वन, टू. रॉजर. दहा मिनिटं. पाणी कमरेला आहे. ओव्हर."

"येतोय. आउट."

स्ट्रेचर नव्हतं. खाटेची दोरी कुजलेली. खाजामियाँनी अंगणातल्या मांडवाचे दोन बांबू ओढून काढले. मग माझ्या किल्टकडे बघितलं.

"काय झालं?"

"मॅडम, तीन किल्ट पायजेत. बक्कल लावून बांबूत ओवले की झोळी व्हती. पर जवान तुमच्यासमोर उतरवनार न्हाईत. तुम्ही जरा तिकडं तोंड करा."

तिकडे तोंड करायला वेळ नव्हता. मी पट्टी सोडली, बक्कल काढलं आणि पहिला किल्ट माझा दिला. खाली पीटीची हाफ पँट होती. गावच्या बायकांसमोर, दहा गड्यांत, लेफ्टनंट साहेब हाफ पँटवर. तुऱ्याची टोपी मात्र डोक्यावर होती. ती काढायचं सुचलं नाही. पुढच्या क्षणी आणखी दोन किल्ट आले. उघड्या कडा आम्ही पिनांनी बंद केल्या.

आठ पन्नासला पाण्यात शिरलो. पुढे खाजामियाँ आणि एक जवान, मागे दोघं. मी बाजूला, राधाचा हात धरून. पाणी कमरेला, म्हणजे माझ्या छातीला. मधोमध आलो आणि टर्र असा आवाज झाला. माझा किल्ट मधला होता. नाजूक टाका कमरपट्टीपासून उसवत गेला, राधा मधून खाली आली आणि तिचा पाय पाण्याला टेकला. ती ओरडली.

खाजामियाँनी आपलं टोक मला धरायला लावलं, खाली बसले आणि फाटलेल्या जागी पाठ लावली. पाणी त्यांच्या हनुवटीला लागत होतं. "चला," ते म्हणाले. उरलेला नाला ते तसेच ओणव्यानं चालले. त्यांनी शिवलेल्या दोन किल्टांचा एक टाकासुद्धा हलला नाही.

नऊ दोनला राधा ट्रकमध्ये होती. धर्माबादच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, अजून थोडा उशीर झाला असता तर पायच काय, बाईही गेली असती. दोन्ही राहिलं.

संध्याकाळी धर्माबादला, मुक्कामाच्या शाळेच्या पायरीवर खाजामियाँ सुईदोरा घेऊन बसले. माझा किल्ट त्यांच्या मांडीवर होता. मी समोर उभी राहिले. माफी कशी मागायची, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं.

"टाका जाड व्हईल, मॅडम."

"होऊ द्या."

"दिसंल."

"दिसू द्या."

"हाव," ते म्हणाले. हे पहिलं होतं.

बँडचा जवान शांततेत वाजवतो आणि लढाईत स्ट्रेचर उचलतो. आमच्या सैन्यात ही रीत आहे. लोकांना पहिली बाजू माहीत असते. पुढे खाजामियाँ उत्तरेला एका बटालियनमध्ये गेले. मी तेव्हा दुसऱ्या स्टेशनवर होते. ते लढाईत गेल्याची बातमी टेलिफोनवर आली, दुपारी तीन वाजता. मी फोन ठेवला आणि पाच वाजेपर्यंतची कामं पूर्ण केली.

उदगीरला गेले तेव्हा वडील मशीनवर बसलेले होते. मी तो किल्ट दाखवला. त्यांनी चष्मा पुसून टाक्यावरून अंगठा फिरवला. "आमच्याच घरचा हाय," म्हणाले. चहा पाजला.

राधा अजून भेटते. थोडी लंगडते, आणि माझ्या उंचीवरून चेष्टा करते. परवा नातीला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तो किल्ट हवा होता. लोकर विरलीय, बाकीची शिवण ठिकठिकाणी सुटलीय. नात म्हणाली, "आजी, हा पांढरा जाडा टाका काढून टाकू? लई वाईट दिसतो."

मी म्हटलं, बाकीचं सगळं उसव. त्याला हात लावायचा नाही.

मग तिला बसवून सांगितलं, तेच इथे लिहिते. पाइप मेजर हवालदार शेख खाजामियाँ, राहणार उदगीर. स्ट्रेचर घेऊन उतरताना गोळी लागली. आपलं टोक त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिलं आणि मग खाली बसले. स्ट्रेचरवरचा जवान पोचला.