टायपिंगवाल्या बाई आणि तान्ह्या पोळ्याची झडती

आर्णी तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं सुहासिनीबाईंच्या हाताखालून गेली आहेत. तीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला. मग टाइपरायटर भंगारात गेले, क्लासला कुलूप लागलं आणि बाई घरी बसून अशा काही कंटाळल्या की दुधाच्या पिशव्यांवरचा मजकूर तपासायला लागल्या. बासष्टाव्या वर्षी त्यांनी भाच्याचा जुना लॅपटॉप मागून घेतला, एआयशी बोलायला शिकल्या आणि मोहल्ल्यातली बारा पोरं गोळा करून समाजमंदिरात शनिवारचा वर्ग सुरू केला. पोरं लॅपटॉपला ‘डबडं’ म्हणायची आणि वर्गालाही.

समाजमंदिराची किल्ली मारोतरावांकडून आणावी लागे. मारोतराव म्हणजे झडतीचे पहिलवान. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की समोरच्याला डिवचायला जी तुकबंदी म्हणतात, ती झडती. आणि त्यांच्यापुढे वीस वर्षांत कोणी टिकलं नव्हतं. एका शनिवारी किल्ली हातात देता देता ते थांबले.

“बाई, पोट्टे मोबाईलनं ठोंबे होऊन राह्यले. आता तुमी अजून डबडं दाखोता. असं करू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, लाकडी बैल घेऊन तुमच्या पोट्ट्याईनं सोताच्या झडत्या म्हनाव्या. जमलं तं ठीक. नाही तं ही किल्ली माह्या खुंटीले.”

बाई हसून “बरं” म्हणाल्या आणि किल्ली मुठीत घट्ट धरून वर्गाकडे निघाल्या. शनिवार गेला तर उरलेले सहा वार त्यांना नको होते.

त्या दिवशी वर्गात त्यांनी सोपा मार्ग धरला. मशीनला सांगितलं, बैलावर झडती लिही. मशीननं लगेच लिहिली. बाईंनी ती खणखणीत आवाजात वाचली:

“हे वृषभराजा, कष्टकरी मित्रा,
तुझ्या श्रमांना वंदन सर्वत्रा!”

मग अकरा वर्षांचा विक्की चटईवर आडवा झाला आणि पोट धरून लोळायला लागला.

“अगं, काय झालं याला?”

“बाई,” प्रियंका हसू दाबत म्हणाली, “हे तं तुमच्यासारखंच बोलते!”

बाईंना राग यायला हवा होता. पण त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, ते सर्वत्रा पाहिलं, आणि त्यांनाच असं हसू फुटलं की चष्मा काढून ठेवावा लागला. आपली पोरं हे म्हणून तोरणाखाली उभी राहिली तर मारोतराव त्यांना सोलून खातील, हेही त्याच हसण्यात कळलं.

रात्रभर विचार करून बाईंनी डाव उलटा केला. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही पोरांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर टाइप केलं: तू शेजारच्या गावचा झडतीवाला आहेस. आम्हाला उत्तर लिहून द्यायचं नाही. फक्त डिवचायचं.

मशीन म्हणालं, “आपले बैल जरा मंद वाटतात, क्षमस्व.”

“क्षमस्व!” पोरं किंचाळली. “अबे, हा तं भांडाले येते अन् माफी मांगते!”

मग जी जुंपली! पोरं उत्तर द्यायची, मशीन पुन्हा डिवचायचं. त्यानं बैलाला हिरव्या कुरणात सोडलं, तर विक्की ओरडला, “कुरन कुठी हाये? आमचा सोयाबीनचं कुटार खाते!” आणि कुटारावर, म्हणजे त्या भुशावर, यमक शोधायला सगळी गोठ्याकडे पळाली. घरोघरी जाऊन पोरांनी जुन्या झडत्या विचारल्या, वहीत उतरवल्या, मोडल्या, जोडल्या. बाईंचा लाल पेन पहिले दोन दिवस प्रत्येक ओळ शुद्ध करत फिरला. तिसऱ्या दिवशी प्रियंकानं तो हळूच दप्तरात टाकला. बाईंनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

तान्ह्या पोळ्याला समाजमंदिरापुढे तोरण लागलं. पोरं झुली घातलेले लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहिली. मारोतरावांनी एक रिकामी पेटी पुढे सरकवली.

“सगळ्याईचे मोबाईल याच्यात. बाई, तुमचाही.”

मोबाईल पेटीत पडले. लॅपटॉप तर बाईंनी आणलाच नव्हता. मारोतरावांनी मिशीवर हात फिरवला आणि आवाज लावला:

“टायपिंगवाल्या बाईच्या डबड्यात शिरलं भूत,
इथं आले मिरवाले त्याचे भाडोत्री दूत!
भुताबिगर बोलून दावन, असा हाय कोन पूत?”

“हर बोला, हर हर महादेव!” गर्दी गरजली. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. ही झडती तयारीतली नव्हती. विक्की घाईघाईनं वहीची पानं उलटायला लागला. तेवढ्यात प्रियंकानं आपला बैल खाली ठेवला.

“पूत कायले धुंडता बाबा? पोट्टी हाये खडी,
भूत जुतलं वखराले अन् हाती माह्या छडी!
दर पोळ्याले तीच झडती, आंबून झाली कढी!”

सगळ्या माना मारोतरावांकडे वळल्या. मारोतरावांच्या झडत्या त्याच त्या असतात, हे घराघरातून पोरांच्या वहीत उतरलं होतं; पण वीस वर्षांत हे त्यांच्या तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. मारोतरावांची मिशी एका बाजूनं थरथरली. मग दुसऱ्या बाजूनं. आणि ते असे खदखदले की तोरणाचा बांबू धरावा लागला. तेव्हा कुठे गर्दीनं महादेवाचा गजर केला.

“थांब वं पोट्टे, उत्तर देतो!” ते म्हणाले. “थांब... कढी... घडी... थांब थांब...”

“पेटीतला मोबाईल देऊ का, बाबा?” विक्कीनं अदबीनं विचारलं.

बायका पदरात तोंड घालून हसल्या. बाई तर खुर्चीवरून जवळजवळ घसरल्याच. त्यांनी धीर करून विचारलं, “मारोतराव, मग किल्लीचं काय?”

“किल्ली भेटत नाही.”

बाईंचं हसू जागच्या जागी थांबलं.

“कायले भेटन?” मारोतराव डोळे पुसत म्हणाले. “शनवारी कुलूप मीच येऊन उघडतो. पोट्टे सांगत होते त्या माफीवाल्या डबड्याले पयली झडती माही. अन् तुमी पोट्टेहो, मधात बोलाचं नाही!”

“बोलू!” बारा पोरं एका सुरात ओरडली.