तिसरी गिनती

त्या वर्षी आमची पलटण काश्मीरमध्ये होती. मी नाईक होतो, वय एकतीस. पुढे सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता पालीला असतो, आंब्याची कलमं बघतो. माजी सैनिकांच्या मेळाव्यात, शाळांत, त्या पोस्टिंगबद्दल मी बऱ्याच वेळा बोललो आहे. त्यातला एक भाग दर वेळी खोटा सांगितला. तो इथे दुरुस्त करतो.

खालच्या बेसवरून वरच्या पोस्टकडे आठवड्यातून दोनदा लिंक पेट्रोल, म्हणजे दोन ठाण्यांना जोडणारी गस्त, जाई. अकरा माणसं, एकामागे एक. सगळ्यात पुढे पेट्रोल कमांडर, सगळ्यात शेवटी त्याचा टू-आयसी, म्हणजे दुय्यम. कोणी मागे पडलं तर ते त्या शेवटच्याला दिसायला हवं, म्हणून ती जागा त्याची. दर तासाला गिनती व्हायची. गिनती मागून पुढे येते. शेवटचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर थाप मारतो आणि म्हणतो ‘एक’. तो त्याच्या पुढच्याला थाप मारून म्हणतो ‘दोन’. कमांडरच्या खांद्यावर ‘दहा’ पडले की तो स्वतःला धरून अकरा मोजतो आणि वायरलेसवर बेसला कळवतो. थाप मिळाल्याशिवाय पुढे थाप द्यायची नाही. हे रंगरूटालाही माहीत असतं.

सिपाही दत्ताराम माझ्या सेक्शनमध्ये होता. गाव नाटे. घरी होडी, बाप आणि दोन भाऊ समुद्रावर. हा एकटाच फौजेत आला. वय चोवीस, तीन वर्षांची मुलगी. आमच्या जिल्ह्यातला म्हणून माझ्याशी मोकळा बोलायचा.

“नाईकसाहेब, आमच्यात वारा वाढला की होडी वर ओढून ठेवतात. इथं वारा वाढला की आपल्याला बाहेर काढतात.”

“मग जा की परत नाट्याला.”

“जातोय की. सुट्टीचा अर्ज तुमच्याकडंच पडलाय.”

अर्ज खरोखर माझ्याकडे होता. मी तो पुढे दिला. पंधरा दिवसांनी त्याला सुट्टी मिळणार होती.

जानेवारीतल्या त्या पेट्रोलवर दत्ताराम गेला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या कागदात असं आहे: सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पेट्रोल निघालं. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिसरी गिनती झाली, ती पूर्ण अकरा भरली. अकरा पन्नासला थांबल्यावर सिपाही दत्ताराम दिसला नाही. गिनतीनंतर तो परवानगीशिवाय ओळ सोडून थांबला असावा. त्याला बिडीसाठी थांबायची सवय होती. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

ही साक्ष माझी. टू-आयसी मीच होतो.

नाट्याच्या शाळेच्या आवारात शहीद जवानांच्या नावांचा दगड आहे. त्यावर दत्तारामचं नाव घेतलं नाही. त्याच्या बायकोने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा उत्तरात तोच शब्द आला, निष्काळजीपणा. मी दर वर्षी त्या घरी जात राहिलो. आंब्याची पेटी, मुलीला वह्या. मुलगी वैशाली मला काका म्हणायची. ती शिकली, फ्रान्सला गेली. तिथे दूध तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. आई वारली तेव्हा येऊन दिवस करून गेली. गेल्या वर्षी तिचा फोन आला.

“काका, तिकीट पाठवते. बाबा असते तर त्यांना आणलं असतं. आता तुम्हीच या.”

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. खरं तर एकच कारण होतं आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ती लांग्र नावाच्या जुन्या शहरात राहते. शहर म्हणायचं एवढंच, आपल्या पालीच्या बाजाराच्या दिवशी याहून जास्त माणसं दिसतील. आजूबाजूला लांबवर शेतं. मधे टेकडी, टेकडीवर हे शहर, आणि सगळ्याला वेढून दगडी तट, बुरूज, दरवाजे. मी गेलो तेव्हा नोव्हेंबर होता. आमच्याकडे समुद्रावरच्या रत्नदुर्गाच्या तटावर उभं राहिलं तर तोंडाला खारं लागतं. इथल्या वाऱ्याला वासच नव्हता. असा वारा मला फक्त एकाच ठिकाणचा आठवत होता.

रविवारी सकाळी तिने मला तटावर फिरायला नेलं. एक निवृत्त शिक्षिका लोकांना तट दाखवते. वय माझ्यापेक्षा जास्तच, हातात काठी, गळ्यात शिट्टी. आम्ही चौदा जण होतो. निघताना त्या बाईंनी काठीच्या टोकाने एकेकाला मोजलं.

“फौजी असून एवढा मफलर?” वैशाली म्हणाली.

“फौजी आहे म्हणूनच. थंडीला शहाणा माणूस घाबरतो.”

पहिल्या बुरुजाशी मोजणी झाली. दुसऱ्याशी झाली. मग खालच्या शेतांतून धुकं वर चढलं. पाच मिनिटांत पुढच्या माणसाची पाठ दिसेनाशी झाली. वैशाली पुढे बाईंचं बोलणं ऐकत चालली होती. मी सवयीने शेवटी होतो. तटाच्या एका खाचेशी मी थांबलो. पाय चालेनात. थकवा नव्हता. पांढऱ्यात पुढे कोणी नाही आणि मागेही कोणी नाही, असं मी कधी उभा राहिलो नव्हतो. दत्ताराम राहिला होता.

किती वेळ गेला, घड्याळ पाहिलं नाही. मग शिट्टी ऐकू आली. थांबून पुन्हा शिट्टी. काठी दगडावर आपटत ती बाई एकटी धुक्यातून आली. तिने माझा खांदा धरला, फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली आणि खांदा न सोडता मला पुढे नेलं. सगळे बुरुजाशी थांबले होते. ती त्यांच्यातल्या कोणाला तरी रागाने बोलली. तिने पुन्हा मोजलं. चौदा भरले, मग निघाली.

“बाई एवढ्या कोणावर चिडल्या होत्या?” मी वैशालीला विचारलं.

“त्या उंच माणसावर. तेरा भरले तेव्हा तो म्हणाला, थंडी आहे, चला, ते म्हातारे येतील मागून.”

येतील मागून. हेच मी त्या दिवशी मनात म्हटलं होतं.

तट उतरलो. चौकात त्या शहराचं युद्धस्मारक आहे. शेकडो नावं, आडनावांच्या क्रमाने. वैशालीने त्यावर हात टेकवला. “इतक्या जणांत एकही निष्काळजी नव्हता का हो, काका? आई शेवटपर्यंत म्हणायची, एका बिडीपायी गेले.”

मी तिला बाकावर बसायला सांगितलं. स्वतः उभा राहिलो. मग सांगितलं, ते असं.

शेवटची जागा माझी होती. दुसऱ्या गिनतीनंतर वारा मागून यायला लागला. माझ्या डाव्या बुटात पाणी शिरलं होतं. मी दत्तारामला म्हटलं, “तू मागं जा.” तो म्हणाला, “जी साहेब.” त्याच्या पाठीवर केरोसिनचा जेरीकॅन होता, माझ्या पाठीवर फक्त पिट्टू, म्हणजे पाठपिशवी. वारा त्याच्या अंगावर सोडून मी पुढे चाललो.

तिसऱ्या गिनतीला पेट्रोल थांबलं. मी थापेची वाट पाहिली. थाप आली नाही. मागे वळलो असतो तर वारा तोंडावर आला असता, दहा पावलं परत जावं लागलं असतं, हात काखेतून काढावे लागले असते. तो दहा पावलांवर असेल, येईल मागून, असं मी धरून चाललो. पुढच्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणालो, “दोन.”

एक आलाच नव्हता.

पुढे सगळी गिनती बरोबर गेली. कमांडरचा आवाज मी ऐकला.

“चार्ली से टायगर. तीसरी गिनती. ग्यारह पूरे. ओव्हर.”

“टायगर से चार्ली. ग्यारह पूरे. रॉजर. चलते रहो. आउट.”

आम्ही चाळीस मिनिटं चाललो. थांबून मी वळून पाहिलं, तर मागे फक्त माझ्या बुटांचे ठसे होते आणि तेही भरत होते.

तिसऱ्या दिवशी तो सापडला. वाटेपासून साठ पावलांवर, घळीत. दिशा बरोबर धरली होती, वाट चुकली होती. जेरीकॅन पाठीवर तसाच. खिसे मी तपासले. बिडीचं बंडल होतं, न फोडलेलं. त्याने बिडी ओढली नव्हती हे मला त्या क्षणी कळलं. आठ दिवसांनी इन्क्वायरीत मी सांगितलं की मला ‘एक’ची थाप मिळाली होती. कोणी विचारलं नसताना बिडीचंही सांगितलं.

धुकं उतरत होतं.

“चाळीस मिनिटं,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्ही मागे गेला असतात तर?”

“सापडला असता. बहुतेक जिवंत.”

“बंडलाबद्दल आईला सांगायला काय झालं होतं? तेवढं तरी?”

ती बाकावरून उठली आणि घराकडे चालू लागली.

घरी गेल्यावर तिने चहा केला. माझ्यासमोर कोरे कागद आणि पेन ठेवलं.

“लिहून द्या, साहेब.”

पस्तीस वर्षांत तिने मला पहिल्यांदा साहेब म्हटलं. मी साडेतीन तास लिहिलं. तिने प्रत्येक पान वाचलं. एका ठिकाणी मी ‘नजरचुकीने’ असं लिहिलं होतं. त्यावर तिने बोट ठेवलं. मी ते खोडलं आणि ‘जाणूनबुजून’ लिहिलं. उरलेले चार दिवस ती मला वेळेवर जेवायला वाढत होती, वेळेवर औषधं देत होती. विमानतळावर नमस्कार केला. काका म्हणाली नाही.

परत आल्यावर तो जबाब मी रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. प्रकरण विचाराधीन आहे असं उत्तर आलं. माझ्यावर काय कारवाई होईल ते होईल. आमचे पेट्रोल कमांडर आता हयात नाहीत. त्यांनी चूक केली नव्हती. त्यांच्यापर्यंत दहा पोचले, त्यांनी अकरा सांगितले.

गेल्या महिन्यात मी नाट्याला गेलो. शाळेच्या आवारात तो दगड पाहिला. शेवटच्या नावाखाली एका ओळीची जागा आहे. दत्तारामचा धाकटा भाऊ तिथे होता. त्याला वैशालीने कळवलं होतं. तो माझ्याशी बोलला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. दोघं थोडा वेळ उभे राहिलो आणि मी पालीची गाडी धरली.

कागद बदलेपर्यंत इथे नोंद करून ठेवतो. वेळ अकरा दहा. तिसरी गिनती. हजर दहा. सिपाही दत्ताराम, राहणार नाटे, पाठीवर पूर्ण वजन, दिलेल्या हुकुमाप्रमाणे शेवटच्या जागेवर, पोस्टच्या दिशेने चालत होता.