पाठमोऱ्या मुलींची हजेरी

लग्न होऊन मी लातूरहून देगलूरला आले, ती निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. हे तहसील कचेरीत कारकून होते. वडिलांनी मला हट्टानं शिकवलेलं, आणि देगलूरच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मराठी शिकवायला बाई मिळत नव्हती. ह्यांनीच अर्ज लिहिला. सासूबाई नाराज होईपर्यंत मी रुजूही झाले होते.

मदरशाच्या मोठ्या उस्तानी, म्हणजे मुख्य शिक्षिका, हैदराबादच्या. सगळ्या त्यांना आपा म्हणत. मनानं मायाळू, पण गावातली नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. काही मुलींच्या घरी मराठी, काहींच्या तेलुगू, काहींच्या कानडी, काहींच्या उर्दू. आपांनी सोपा तोडगा काढला होता. प्रत्येक मुलीला एक नंबर. हजेरीला नंबर, फळ्यापाशी बोलवायला नंबर, रागवायलासुद्धा नंबर.

मला ते पहिल्या दिवशीच खटकलं. सासरी माझं नाव बदललं होतं. नव्या नावानं हाक आली की ती मलाच आहे हे ध्यानात यायचं नाही. सून ऐकायला कमी आहे, असं सासूबाईंना वाटू लागलं होतं. आपल्या नावानं कुणी हाक मारत नाही म्हणजे काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"आपा, मी नावानं हाक मारीन," मी म्हटलं.

"इत्ती पोट्ट्यां के नामां याद रखने कू वखत कां है, बाई?" त्या हसल्या. "करके देखो."

करायला गेले आणि घोडं अडलं. नाव विचारलं की मुलगी खाली बघायची, पदराचं टोक तोंडात धरायची. फारच विचारलं तर नंबर सांगायची. हजेरीतली नावं उर्दूत लिहिलेली. मी ती अडखळत वाचायची आणि वर्ग खुसखुसायचा.

एक दिवस मी नाव विचारायचंच सोडून दिलं. पहिल्या बाकावरच्या शेतकऱ्याच्या मुलीला म्हटलं, "तुमच्या घरी गाय आहे का गं?"

"हाव! देवणीची हाय."

"नाव काय तिचं?"

ती उभीच राहिली. गायीचं नाव, वासराचं नाव, बैलजोडीची नावं, कोणता बैल मारकुटा, कोणता तिच्या हातूनच पेंड खातो, सगळं धडाधडा सांगितलं. मग मी हळूच विचारलं, "आणि तो बैल कुणाच्या हातून खातो म्हणालीस?"

"माझ्या," म्हणाली आणि त्या भरात स्वतःचं नाव सांगून गेली.

वाट सापडली. कुणाला गायीबद्दल विचारलं, कुणाला पाळण्यातल्या भावाबद्दल, कुणाला घरच्या तेलाच्या घाण्याबद्दल. ज्या गोष्टीचं त्यांना अप्रूप, तिला धरून नाव बाहेर यायचं, आणि तसंच माझ्या मनात बसायचं. ती नावं मी इथं लिहीत नाही. त्या आता नातवंडांच्या आज्या असतील, कुणाकुणाची परवानगी घेऊ?

अडली ती एकच. विणकराची मुलगी, घरी तेलुगू. तिचं नाव मला ठाऊक झालं होतं, पण मी हाक मारली की ती मानसुद्धा वर करायची नाही. मग एका संध्याकाळी मी विणकरांच्या गल्लीत गेले. चुली पेटायच्या वेळेला आया दारात येऊन पोरांना हाका मारत होत्या. तिची आईही आली. शेवटचं अक्षर लांबवत, वर उचलत, जवळजवळ गात तिनं हाक मारली. माझ्या तोंडी ते नाव किती कोरडं होतं, ते तेव्हा कळलं. घरी येताना वाटभर मी ती हाक पुटपुटत आले.

एवढ्यात वर्दी आली की तालीम खात्याच्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या, मोठ्या बाई हैदराबादहून मुआयन्याला, शाळा तपासायला येणार. आपांनी भिंती सारवून घेतल्या, मुलींना आंघोळी घालून पाठवा म्हणून घरोघरी निरोप धाडला. बाई आल्या त्या बैलांच्या दमणीतून, डोळ्यांवर चष्मा, आवाज हळू. आत येताच त्यांनी समोरच्या मुलीला विचारलं, "तेरा नाम क्या, बेटी?"

"सतरा नंबर," मुलगी सवयीनं म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. "नंबर तो कैदियों का होता है," त्या आपांकडे वळल्या. "उस्तानियों को नाम नहीं आते?"

आपा नुसता पदर सावरू लागल्या. मला राहवलं नाही. "येतात," मी पुढं होऊन म्हटलं. "मला सगळ्यांची येतात."

"सगळ्यांची?" बाईंना मराठी येत होतं. त्यांनी मुलींना जागा बदलायला लावल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "आता सांगा."

समोर नुसत्या वेण्या आणि पाठी. पण एकीच्या मानेवर तेलाचा ओघळ दिसला, घाण्यावाल्याची लेक. एक एका पायावर रेलून उभी होती, तशी ती भावाला कडेवर घेऊन उभी राहायची. मी हाक मारली, ती वळली. दुसरी वळली. तिसरी. वर्गात हसू पसरत चाललं. नाव बरोबर आलं की आधी वळलेल्या मुली टाळ्या पिटायच्या.

शेवटी विणकराची मुलगी उरली. मी तिच्या आईसारखी, शेवटचं अक्षर लांबवत, वर उचलत हाक मारली.

"वस्तुन्ना अम्मा!" ती खणखणीत ओरडली आणि गर्रकन वळली. येते गं आई! घरीच असल्यासारखी. मग समोर मी दिसले तशी लाजली आणि हसत सुटली. वर्गात तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. सगळा मदरसा हसला, मोठ्या बाई हसल्या, आणि आपांनी तर पुढं येऊन मला मिठीच मारली.

"शाबाश," मोठ्या बाई म्हणाल्या. "अब कोई नंबर नहीं."

दुसऱ्या दिवशी आपा स्वतः दारात उभ्या. येणाऱ्या प्रत्येक मुलीला नाव विचारून ते घोकत होत्या. चुकलं की मुली त्यांना दुरुस्त करायच्या, "न्हाई आपा, तसं न्हाई, आसं म्हना!" आणि आपा पुन्हा म्हणायच्या. कालपर्यंत पदर चावणाऱ्या मुली आता आपांना शिकवू लागल्या होत्या.

त्या आठवड्यात मी प्रत्येकीला तिचं नाव पाटीवर लिहायला शिकवलं. पाट्या पुरल्या नाहीत. मग एका सकाळी दोघी-तिघींचे वडील तक्रार घेऊन आले. पोरींनी कोळशानं घरच्या भिंतींवर, कोठीच्या दारावर, गोठ्याच्या खांबावर नावं लिहून ठेवली होती. "सारवलेली भिंत काळी केली, आपा. आता काय करावं?"

आपांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "नामां के हजे, अक्षरां बरोबर लिखे की नई?" त्यांनी विचारलं.

"पोरी म्हणतात, बाईंनी शिकवलं तसंच हाय."

"तो फिर लिखने देव," आपा म्हणाल्या, आणि मुलींना आत घेऊन गेल्या.