बिनतारी पंखा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कड घ्यायला नको. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हुबळीत केशवापुरात आम्ही दोघीच राहायचो, आई आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी लग्न केलं नव्हतं. धारवाडच्या एका कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळायचे. सकाळी जायची बस, संध्याकाळी यायची बस. त्या उन्हाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शब्द उरला एकच, "हाक."

भूक लागली तरी हाक, कूस बदलायची तरी हाक. दिवसा तिच्याजवळ शेजारच्या अक्का बसायच्या. त्या कानडी, आणि आईचं त्यांच्याशी आधीपासून सगळं बोलणं कानडीतच. कानडीत 'हाक' म्हणजे घाल, लाव. दिवस उन्हाचे, पंख्याचं बटण दाराजवळ आणि आईची खाट खिडकीशी. अक्का म्हणाल्या, "फ्यान हाक अंतार नोड्री." पंखा लाव म्हणतायत बघा. मला ते लगेच पटलं. पटलं कसलं, हायसं वाटलं! बाकी कशावरच माझा इलाज चालत नव्हता, पंख्यावर चालणार होता.

खाटेपर्यंत वायर ओढून बटण दिलं असतं तरी भागलं असतं. पण अंथरूण ओलं व्हायचं, शॉकची भीती, असं मी अक्कांना सांगितलं. खरं सांगू? मला ते करून बघायचं होतं. प्रयोगशाळेच्या कपाटात एक परदेशी खेळण्यातली मोटार पडली होती, चाकं मोडलेली, रेडिओलहरींवर चालणारी. प्राचार्यांना विचारून ती घरी आणली. दुर्गदबैलाच्या बाजारातून रिले आणला, म्हणजे विजेनं आपोआप दाबलं जाणारं बटण. मोटारीतला लहरी पकडणारा रिसीव्हर आणि हा रिले मधल्या खोलीत भिंतीवर बसवला, कारण पंख्याची वायर तिथूनच जायची. लहरी पाठवायचं यंत्र साबणाच्या डबीत घातलं आणि आईच्या डाव्या हातात दिलं. एकदा दाबलं की पंखा चालू, परत दाबलं की बंद.

पहिल्याच दिवशी पंखा आपण होऊन सुरू झाला. आई झोपलेली, डबी उशाशी. मी म्हटलं, झालं, भुताटकी! मग लक्षात आलं, दारात रिक्षा थांबली की असं होतं. इंजिनातल्या ठिणगीनं रिसीव्हर फसायचा. अक्कांनी चटणीसाठी मिक्सर लावला तरी तेच. रिसीव्हरला पत्र्याचं खोकं केलं. मग रिलेचीच ठिणगी त्याला फसवायला लागली. पंखा लागायचा आणि लागल्या लागल्या बंद पडायचा. तिथे ठिणगी शोषून घेणारा कपॅसिटर जोडला. पुढे कळलं, डबी लोखंडी खाटेला टेकली की लहरींचा जोर कमी होतो. खाटेच्या कडेला जाड सतरंजी बांधली. यात पावसाळा सरला.

पंखा आता लागायचा. आई मात्र त्याखाली पडून परत म्हणायची, "हाक."

"अगं लागलाय की! आता आणखी काय हाकू? बैल हाकू?" एकदा मी अशी खेकसले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. या दुखण्यात माणसाला उगीचच रडू येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मला फार सोयीचं पडलं.

तेवढ्यात एक नवाच बिघाड सुरू झाला. आईला दहा वेळा दाबायला सांगितलं तर पंखा पाचच वेळा लागायचा. मी कॉलेजातून मीटर आणला, रिसीव्हरला जोडला आणि मधल्या खोलीत स्टुलावर बसले. आई पुढच्या खोलीत, मला दिसत नव्हती. रोज संध्याकाळी आल्यावर तपासणी. मी ओरडायची, "आई! दाब!"

काटा ढिम्म.

"आई! ए आई! दाबलंस का गं?"

काटा हलायचा. पुन्हा "आई, दाब!" आणि पुन्हा ढिम्म. बॅटऱ्या बदलल्या. एरियल लांब केली, आखूड केली. कॉइलमधलं मेण खरवडून पहिल्यापासून सूर जुळवला. सोमवारी नीट झालं असं वाटावं आणि मंगळवारी मागचे पाढे पंचावन्न! एक मात्र खरं, आईचं "हाक" म्हणणं कमी झालं होतं. त्याचंही श्रेय मी माझ्या यंत्रालाच दिलं. शाबास गं बाई.

थंडी पडायला लागली होती. पंख्याची गरजच संपली होती, तरी माझी तपासणी चालूच. एका रविवारी अक्का आईची वेणी घालत बसल्या होत्या. मी स्टुलावरून हाका मारतेय, एकदा, दोनदा, चारदा, आणि पलीकडून अक्कांचं हसू फुटलं.

"अवरु ओत्तवल्रु री!"

अहो, त्या दाबतच नाहीयेत.

मी तणतणत उठले. दारात आले तेव्हा आईनं डबी छातीशी धरली होती. अंगठा बटणावर, पण अलगद वर उचललेला. मान मधल्या खोलीकडे वळलेली. चोरी पकडल्यासारखी ती माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसली. म्हणाली, "हाक."

तेव्हा कळलं मला. अहो, मराठीत 'हाक' म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं! आणि मी शिकलेली बाई सहा महिने त्या शब्दाला कानडी समजून पंख्यावर डोकं आपटत होते. हाक मार, एवढंच म्हणत होती ती. झटका आल्यापासून तिला हाक मारायचंच सगळे विसरले होते. तिला ओ देता येईना, मग हाक तरी कशाला? "त्या जेवल्या का?", "यांना उठवून बसवा", असं तिच्या डोक्यावरून बोलणं चालायचं. मीही तशीच. घरात शिरले की अक्कांना विचारायची, "आज कशी आहे?" तिला नाही. त्या सहा महिन्यांत मी तिला आई म्हटलं ते काटा हलतोय का बघायला. तेवढ्यावर तिनं दिवस काढले होते, आणि एका हाकेच्या चार व्हाव्यात म्हणून दाबायचं टाळत होती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

अक्का गेल्यावर मी खाटेशी बसले. म्हटलं, "आई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. अंगठा बटणावर नेला आणि थांबली. पुढचं "दाब" कधी येतंय, याची वाट बघत राहिली.