जिनोव्हाचा दिवा आणि सत्तर टक्के सूट

सहा फेब्रुवारी २०२५ रोजी हमदुल्लाने दुबईतल्या एका टूर कंपनीकडे तेरा हजार चारशे साठ दिरहम भरले. तिथल्या तिथे त्याने त्याचे रुपयेही करून मोठ्याने सांगितले, तीन लाख वीस हजार, आणि शेजारच्या खुर्चीत त्याच्या बायकोने, बिलकीसने, डोळे मिटून घेतले.

तीस वर्षांहून अधिक काळ तो दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या एका बोटदुरुस्तीच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. गाव जयगड. एवढ्या वर्षांत सुट्टी म्हणजे गाव आणि गाव म्हणजे घराची डागडुजी, यापलीकडे तो कधी गेला नव्हता. गेला तो जिनोव्हासाठी.

त्याचे वडील अलीमियाँ मालवाहू जहाजावर खलाशी होते. एकदा त्यांचे जहाज इटलीतल्या या जुन्या बंदरात आठवडाभराहून जास्त धक्क्याला लागून होते. गोरे अधिकारी रोज संध्याकाळी शहरात फिरून येत. हिंदी खलाशांचे कागद मात्र कप्तानाने कपाटात कुलूपबंद केले. पळून जातील, म्हणे. अलीमियाँ डेकवरून तिथले उंच दीपगृह बघत राहिले. पुढे गावी जयगडच्या दिव्याकडे बोट दाखवून ते मुलाला सांगत, "तिकडचा याचा आजोबा शोभेल. त्यावर चढायचं राहिलं."

टूरच्या कार्यक्रमात 'जिनोव्हा आणि परिसर' या दिवसाखाली दीपगृह स्पष्ट छापलेले होते. हमदुल्लाने पैसे भरले ते त्या एका ओळीसाठी. आधीचे तीन दिवस किनाऱ्यावरची रंगीत घरांची गावे बघण्यात गेले. प्रत्येक ठिकाणी पनीर आणि जिऱ्याचा भात. त्याने तक्रार केली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बस जिनोव्हाच्या जुन्या बंदरापाशी उभी राहिली आणि टूर लीडर रुहानने माईक हातात घेतला. तासाभरावर आउटलेट मॉल आहे, सगळ्या ब्रँडवर सत्तर टक्के सूट आहे, दीपगृहाला मात्र नुसत्या पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, तेव्हा ज्यांना मॉल हवा त्यांनी हात वर करावेत, असे त्याने सांगितले. बसभर हात वर झाले. हमदुल्लाने शेजारी पाहिले तर बिलकीसचाही हात वर.

तो उठून उभा राहिला.

"दुबईत राहता ना सगळे? घराखाली मॉल, ऑफिसखाली मॉल. आणि व्हिसाच्या रांगा लावून इटलीला आलात ते मॉल बघायला?"

"रागावू नका हो, हमदुल्लाभाई," पुढच्या सीटवरून दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतले सदानंद म्हणाले. "तिकडे सत्तर टक्के कोण देतो?"

"अंकल, मेजॉरिटी झाली," रुहान म्हणाला. "खलास."

"माझे पैसे मेजॉरिटीने भरलेत का?"

ड्रायव्हरने इंजिन चालू केले. हमदुल्ला खाली उतरला. मागोमाग पर्स सावरत बिलकीसही उतरली.

"हात कशाला वर केलास?"

"माझ्या गुडघ्यांना विचारा."

"मग उतरलीस कशाला?"

"इथे तुमच्याशी भांडायला कोण होतं दुसरं?"

टॅक्सी करून दोघे दीपगृहाशी गेले. बिलकीस खाली बाकावर बसली आणि तो एकटा चढला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो रुहानला सुनवायची वाक्ये जुळवत होता.

वर पोचून कठड्याला टेकला आणि ती वाक्ये विसरला. खाली क्रेन, कंटेनर, धक्क्याला लागलेली जहाजे. त्यांच्या मागे एक रस्ता आणि रस्त्यापलीकडे लगेच घरे, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. वडिलांच्या बोलण्यातून त्याने मधे कोस-दीड कोसाचे अंतर धरले होते. इथे तर धक्क्यावरून हाक मारली तर बाल्कनीतल्या बाईने मान वळवली असती. एवढ्याशा रस्त्यासाठी माणसांना लोखंडावर डांबून ठेवले. एका जहाजाच्या डेकवर नारिंगी कपड्यांतले दोन खलाशी शहराकडे तोंड करून उभे होते. यांना तरी सोडतात का, हे विचारायला तिथे कोणी नव्हते.

तो खाली आला तेव्हा बिलकीसने विचारले, कसे वाटले.

"लाज वाटायला हवी होती त्यांना," तो म्हणाला. कोणाला, ते तिने विचारले नाही.

संध्याकाळी बस पिशव्यांनी भरून जुन्या बंदरापाशी परतली आणि दोघे तिच्यात चढले. सदानंद नवा पट्टा दाखवत होते, तेवढ्यात त्यांच्या मुलीने, सृष्टीने, फोनमधून मान वर काढली. "बाबा, सेम बेल्ट इज चीपर इन दुबई." बस हसली. हमदुल्ला हसला नाही.

दुबईला परतल्यावर तो थेट टूर कंपनीच्या मॅनेजरसमोर जाऊन बसला. जे छापले ते दाखवले नाही, स्वखर्चाने बघावे लागले, तेव्हा टॅक्सीचे पैसे कंपनीने द्यावेत, हे त्याने आवाज न चढवता तीनदा सांगितले. मॅनेजरने चहा मागवला, चूक मान्य केली आणि पुढच्या आठवड्यात नक्की, इन्शाल्ला, असे आश्वासन दिले. बिलकीस म्हणाली, सोडून द्या आता. अब्बांनी सोडलं तेवढं पुरे, असे तो म्हणाला, आणि आजही दर गुरुवारी तो फोन करतो.

कंपनीकडून टॅक्सीचे एक्क्याण्णव दिरहम अजून येणे आहेत.