सातव्या प्रकरणाचा दुसरा खर्डा

आमच्या टायपिस्ट बाईंनी बावीस वर्षांत मला एकच शंका विचारली. त्याआधीच्या हजारो पानांवर त्यांनी पेन्सिलीचं साधं टिंबही दिलं नव्हतं. लेखकानं सूर्य पश्चिमेला उगवला असं लिहून दिलं, तर बाई तो पश्चिमेलाच उगवू देत. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपल्या आठवणींत स्वतःचं लग्न दोन वेगवेगळ्या साली लावलं होतं. बाईंनीही ते दोन्ही साली लावून दिलं. मी चिडलो तर म्हणाल्या, "त्यांचं लग्न आहे, सर. मी काय बोलणार?"

आमचं प्रकाशन म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी, एक फळा आणि दहा घडीच्या खुर्च्या. मागच्या खोलीत बाई, संगणक, कागदांचे गठ्ठे आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. नोकरीतून मोकळं झाल्यावर ज्यांना आपलं आयुष्य पुस्तकात घालावंसं वाटतं, अशांची पुस्तकं आम्ही काढतो. कुणी पोस्टात होतं, कुणी धरणावर, कुणी शाळेत. लिहायची हौस दांडगी आणि हात कच्चा. म्हणून दर शनिवारी मी त्यांचा वर्ग घेतो.

फळ्याच्या डाव्या बाजूला मी प्रकार लिहितो: आत्मकथन, आठवणी, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन, ललित लेख, प्रत्यक्षदर्शी वृत्तांत. उजव्या बाजूला घटक: प्रसंग, संवाद, तपशील, लिहिणाऱ्याचा आवाज. खाली दोन रेघा मारून लिहितो, 'खोटं लिहायचं नाही.' आणि मग उरलेला दीड तास, खोटं न लिहिता खऱ्याला मीठमसाला कसा लावायचा ते शिकवतो. मी स्वतः आजवर एकही पुस्तक लिहिलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायला पुस्तक लिहावं लागत नाही.

माझं एक वाक्य वर्गात फार चालायचं. 'वाचकाला रडू यायला हवं असेल, तर पानावर आधी कुणीतरी रडलं पाहिजे.' लोक ते वहीत उतरवून घेत. मलाही ते माझं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी वर्गात एक निवृत्त डॉक्टर आले. सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढलेला शांत, सरळ माणूस. त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. त्यांचं लिखाण म्हणजे केसपेपर. रुग्ण आला, हे दिलं, बरा झाला. रुग्ण आला, ते दिलं, गेला. मी लाल पेन घेऊन बसलो. बारा प्रकरणांत मी इतकं लाल केलं की डॉक्टर म्हणाले, "आमच्या ऑपरेशन थिएटरातसुद्धा एवढं नसायचं." पण त्यांनी मनावर घेतलं आणि सगळं पुन्हा लिहून आणलं. हा दुसरा खर्डा मागच्या खोलीत गेला. बाईंनी तो नेहमीप्रमाणे पहिल्या खर्ड्याच्या फाइलवरच टाइप केला. लेखकाची दुरुस्ती आली की जुना मजकूर पुसायचा, ही आमच्याकडची पद्धत आणि मीच घालून दिलेली. दोन-दोन खर्डे ठेवले की छपाईला भलताच जातो, हे एकदा पोळून शिकलो होतो.

प्रुफं आली त्या दुपारी बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. सातव्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानावर समासात पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह होतं, अगदी बारीक.

"हे काय, बाई?"

"शंका आहे."

"शुद्धलेखनाची?"

"नाही. ही बाई रडली नव्हती."

मी पान वाचलं. बस डेपोतला एक मेकॅनिक, पस्तिशीचा, हृदयाच्या झटक्यानं तिसऱ्या दिवशी वॉर्डात दगावतो. डॉक्टर बाहेर येऊन त्याच्या बायकोला सांगतात. ती हंबरडा फोडते, डॉक्टरांचे हात धरते, 'मला फसवलंत हो' म्हणत भिंतीवर डोकं आपटते. डॉक्टरांचेही डोळे भरून येतात. सबंध पुस्तकातला सगळ्यात चांगला उतरलेला प्रसंग. मी त्याच्याशेजारी 'वा!' असं लिहिलं होतं.

"तुम्हाला काय माहीत?" मी विचारलं.

"मीच ती," बाई म्हणाल्या.

बाईंचे यजमान सोळा वर्षांपूर्वी गेले हे मला ठाऊक होतं. ते मेकॅनिक होते हेही ठाऊक असायला हवं होतं. मला आठवत होतं ते एवढंच, की आठव्या दिवशी बाई कामावर आल्या, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, 'कुठपर्यंत आलं होतं?' तेव्हा मला वाटलं होतं, काय काळीज आहे हे! मी ते घरी जाऊन बायकोला सांगितलंही होतं. आज मला त्याची लाज वाटते.

डॉक्टरांनी आमच्या मागच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या लेखी टायपिस्ट म्हणजे दाराआडचा खडखडाट.

"मग पहिल्या खर्ड्यात काय होतं?" मी विचारलं.  मला त्या पानावरचा माझा शेरा आठवत होता, अक्षरासकट. 'कोरडं. प्रसंग उभा करा. बाईंना बोलू द्या, रडू द्या.' शेऱ्याखालचा मजकूर काय होता, ते मात्र काही केल्या आठवेना.

बाईंनी तो म्हणून दाखवला. बोटांनी टाइप केलेलं त्यांच्या डोक्यात राहतं, हे मला तेव्हाच कळलं. खिडकीकडे बघत, कसलाही चढउतार न देता त्या म्हणाल्या, "मी बातमी सांगितली. बाई बरं म्हणाल्या. सही कुठे करायची ते त्यांनी विचारलं. दहा मिनिटांनी मी परत आलो, तेव्हा त्या पडद्याआड नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावत होत्या. छाती दाबताना आम्ही ती बटणं उघडली होती. एक बटण वरखाली झालं. त्यांनी सगळी काढून पुन्हा पहिल्यापासून लावली. मी आत न जाता परत फिरलो."

  बावीस वर्षं मी लोकांना तपशील, तपशील म्हणून ओरडत होतो, आणि हातात आलेला तपशील मी लाल शाईनं मारला होता.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"लेखकाची दुरुस्ती होती. मी टाइप केली." मग म्हणाल्या, "पहिला खर्डा टाइप केला ना, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. म्हटलं, कुणीतरी बघितलं होतं. पुस्तक झालं की मुलीला पाठवायचं ठरवलं होतं."

यजमान गेले तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. नातेवाईक जमले, त्यातल्या एका आत्यानं सगळ्यांदेखत म्हटलं, 'हिच्या डोळ्यात टिपूस नाही बघा.' पुढे अठराव्या वर्षी, दुसऱ्या शहरात शिकायला जायच्या आदल्या दिवशी, बॅग भरताना कशावरून तरी मायलेकींचं भांडण झालं. मुलगी म्हणाली, 'बाबा गेले तेव्हा तुला काही वाटलंच नव्हतं.' बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. त्या कशावरच फारसं काही बोलत नाहीत. सात वर्षं मुलीचा महिन्यातून एक फोन येतो, तब्येत, पाणी, गॅस, ठेवते. एवढं सांगताना बाईंचा आवाज प्रुफाची पानं मोजताना असतो तेवढाच होता.

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, सातव्या प्रकरणात घोळ झालाय, ती बाई रडली नव्हती. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "नाही हो, रडल्या होत्या. मला अजून डोळ्यांसमोर दिसतंय. माझा हात असा धरला होता."

"तुम्ही आधी तसं लिहिलं नव्हतं."

"आधी मला नीट आठवलं नसेल. तुम्ही म्हणालात म्हणून जोर देऊन आठवलं."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट होतं. माझ्या शेऱ्यावरून त्यानं एक बाई रडवली आणि आता ती त्याला खरीच रडताना दिसत होती. पहिल्या खर्ड्याची हातानं लिहिलेली पानं मागितली, तर ती रद्दीत गेलेली. माझ्याकडे काही नाही, फाइल पुसलेली. सोळा वर्षांपूर्वी पडद्याबाहेरून परत फिरलेला तो डॉक्टर आता कुठेच नव्हता. तरी मी बाईंची ओळख सांगितली. चष्मा टेबलावर ठेवून डॉक्टर म्हणाले, "त्या म्हणतील तसं छापा. माझी हरकत नाही."

मी हरखून परत आलो. स्वतः संगणकापुढे बसलो आणि दोन बोटं कळांवर ठेवून म्हणालो, "सांगा बाई. तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

बाई दारातच उभ्या राहिल्या. "नको."

"अहो, डॉक्टरांची परवानगी आहे."

"त्यांना आठवत नाही. तुम्हाला आठवत नाही. आता मी सांगणार, तुम्ही घालणार. म्हणजे ते माझं मीच लिहून घेतलं. त्याला काय अर्थ आहे, सर? मला कुणीतरी बघितलेलं हवं होतं."

मी कळांवरची बोटं उचलली.

"मग हा प्रसंगच काढून टाकू."

"राहू दे आहे तसा." त्यांनी माझ्यापुढचं प्रूफ उचललं, खोडरबर घेतलं आणि समासातलं प्रश्नचिन्ह पुसलं. "मुलीला पाठवते हाच. खरी नाही तर नाही, निदान रडलेली आई तरी मिळेल तिला."

मला हे थांबवायला हवं होतं. पण माझ्या अंगात काहीच उरलं नव्हतं. राग नाही, वाईट वाटणं नाही, नुसतं बधिर. पुस्तक तसंच छापलं. त्या प्रसंगाचं पत्रांमधून भरपूर कौतुक झालं. एका वाचकानं तो वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही असं कळवलं. बाईंनी आपल्या वाट्याची प्रत घेतली, सातव्या प्रकरणात कागदाची पट्टी घातली, वर पत्ता टाइप केला आणि पाकीट पोस्टात टाकून आल्या. मग दहा दिवस काही नाही. बाई टाइप करत होत्या. मी वर्ग घेत होतो, पानावर रडण्याचं ते एक वाक्य मात्र तोंडातून निघेना.

अकराव्या दिवशी दुपारी बाईंचा मोबाइल वाजला. मधलं दार उघडंच होतं. बाई "हां" म्हणाल्या, बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "नाही. मी लिहिलेलं नाही." पुन्हा ऐकलं. उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि फोन पुढे केला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

मी फोन कानाला लावला. तिकडचा आवाज तापलेला होता, पण बाईंसारखाच खालच्या पट्टीतला.

"हे सातवं प्रकरण कुणी लिहिलंय? डॉक्टरांनी की तुम्ही?"

"लिहिलं डॉक्टरांनी," मी म्हणालो. मग म्हणालो, "लिहायला मी लावलं."

"माझी आई भिंतीवर डोकं आपटते? माझी आई? तुम्ही रोज बघता ना तिला?"

"बाईंना वाटलं की तुम्हाला..." मी दुसरीकडून सुरुवात केली. "तुम्ही एकदा म्हणाला होतात, की त्यांना काही वाटलंच नव्हतं."

 "मी? कधी?"

"शिकायला जायच्या आदल्या दिवशी."

"अहो, भांडणात काहीही बोलतो माणूस! ते ती धरून बसलीय? सात वर्षं?" तिचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही होतात का तिथे, त्या दिवशी?"

"नाही."

"मी होते. आत्यानं मला बाकावर बसवलं होतं, मी उठून पडद्याखालून बघत होते. आई बाबांना कपडे घालत होती. शेवटचं, गळ्यापाशीचं बटण लावायचं राहिलं तेव्हा तिनं वाकून त्यांना हळूच विचारलं, 'आवळतंय का?' आणि ते लावलं नाही, मोकळं ठेवलं."

हे पहिल्या खर्ड्यात नव्हतं. बाईंनी म्हणून दाखवलं त्यातही नव्हतं. बाई माझ्यासमोर उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.  मी फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "तिनं बघितलं होतं."