कुंपणाकडची बाभूळ

आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणाशी बांधकामाचा राडारोडा पडलेला आहे आणि त्याखाली कडक मुरूम. तिथे कोणी पाणी घालत नाही. त्यातूनच एक बाभूळ कमरेएवढी वर आली. पुढच्या बागेतली विकतची रोपं उन्हात माना टाकत होती, तेव्हा हिला पालवी फुटत होती. स्कूटर काढताना मी रोज तिच्याकडे बघायचे.

परवा सकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकू माळीकाकांना घेऊन तिथे उभ्या होत्या.

"काटे बघा केवढे! मुळापासून काढा. इथे गुलाब लावू."

माळीकाकांनी कोयता उचलला. एरवी काकूंना नुसती मान हलवून निघून जाणारी मी स्कूटर तशीच सोडून पुढे झाले.

"काकू, राहू द्या ना ती."

काकू गर्रकन वळल्या. "अगंबाई, तुला बोलता येतं होय!"

मलाही हसू आलं. "इथे गुलाब नाही जगणार, काकू. ही जगलीय."

"बरं बाई, राहू दे. पण कुणाला काटा टोचला, तर तुझ्याच दारात आणून उभं करीन."

चांगली माती मिळेपर्यंत ती बाभूळ काही थांबली नव्हती. ओल लागेपर्यंत मुळं खाली सोडत गेली असणार. मी मात्र बोलायला नेहमी योग्य वेळेची वाट बघत आले.

आज तिच्यावर पिवळ्या गोंड्यांसारखी दोन-चार फुलं दिसली. वरून खिडकीतून आवाज आला, "फुलली का गं तुझी बाभूळ?"

"फुलली, काकू! खाली या बघायला," मी खालूनच ओरडून सांगितलं.